चौथऱ्यावरचा डाग

सहा बावन्नच्या फोटोत डाग नव्हता, सहा त्रेपन्नच्या फोटोत होता, आणि दोन्ही फोटोंत माणूस नव्हतं. राजसी खांद्यावर झोपली होती, तिचा ओला श्वास मानेला लागत होता, आणि मी मोकळ्या राहिलेल्या एका हाताने ते दोन फोटो लॅपटॉपवर पुढे-मागे करत बसले होते. आता नाही. आता आहे. परत नाही. परत आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह दोन्हींत तस्संच उभं, मागचं आकाश एका मिनिटाने अधिक निळं, आणि खाली गोल चौथऱ्यावर, पायरीच्या उजव्या अंगाला, तळहाताएवढा पिवळा ठिपका. ठिपक्यापुढे काहीतरी बारीक, ओळीने मांडलेलं. मोठं करून पाहिलं. खडे. मोजले. सात. मग राजसी हलली म्हणून मी श्वास धरून थांबले, आणि थांबल्या-थांबल्या मला काहीतरी जाणवलं. भीती नव्हे. खूप दिवसांत न झालेलं काहीतरी. मला काहीतरी कळून घ्यायचं होतं. बाळाच्या शीचा रंग सोडून दुसरं काहीतरी.

दीपगृह म्हणजे खरं दीपगृह नाही, हे सांगायला हवं. बदलापुरात समुद्र कुठून येणार. आमच्या कॉम्प्लेक्सचं नाव दर्यादीप, बिल्डरला समुद्राचा नाद. बिल्डिंगांची नावं शिंपला, नौका, लाट. मधोमध बागेत त्याने पाच मजली उंचीचं एक दीपगृह उभं केलं, आतून लोखंडी सांगाडा, वरून फायबर. टिचकी मारली तर ढोलासारखं वाजतं. दिवा मात्र खरा फिरतो. संध्याकाळी सात वाजता टायमरवर लागतो आणि दर अकरा सेकंदांनी बेलवलीच्या गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून, दूर हेंद्रेपाड्याकडच्या नव्या बिल्डिंगांच्या उघड्या सळ्यांवरून एक हात फिरवून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येतो. राजसी त्याला "आ" म्हणते. आला की आ. गेला की ओठ तसेच उघडे, पुढच्या "आ"साठी. तिला उजेड परत येणार हे ठाऊक आहे, असं मला वाटतं. की दर वेळी तिला तो नवाच वाटतो? विचारायची सोय नाही. चौदा महिन्यांची आहे.

यंदा कॉम्प्लेक्सला दहा वर्षं झाली. सेक्रेटरी देवदत्तकाका, अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले आणि अजूनही लिफ्टमध्ये शिफ्ट बदलल्यासारखे उभे राहणारे, मला लिफ्टमध्येच म्हणाले होते, "वृंदा, तू फोटोग्राफर ना? आपल्या लाइटहाउसचा एक फोटो काढून दे. गेटवर मोठा लावायचाय. खाली तुझं नाव टाकू. पण क्रिएटिव्ह पाहिजे हं."

"क्रिएटिव्ह म्हणजे कसा, काका?"

"म्हणजे संध्याकाळचा. आकाश, दिवा, सगळं. आणि मुख्य म्हणजे," ते जरा वाकून म्हणाले, "समुद्र नाहीये हे कळता कामा नये."

मी हसले, आणि हो म्हटलं. आणि घरात येऊन दार लावल्यावर घाबरले. राजसी झाल्यापासून माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत आणि त्यात एकही फोटो नाही. तिचं पहिलं हसू, पहिला दात, झोपेत मिटलेली मूठ, सगळं आहे. पण ते मी पाहिलेलं नाही, नुसतं जमवलंय. पूर्वी रस्त्याने जाताना चौकटी आपोआप पडायच्या. चहावाल्याची वाफ, खांबावरच्या वायरी, कुणाचं तरी मान वळवणं. आता पडत नाहीत. एकदा आईला फोनवर म्हटलं, आई, माझा डोळा गेला बहुतेक. ती बिचारी घाबरून म्हणाली, अगं मग डॉक्टरला दाखव, बाळंतपणानंतर नंबर येतो कधीकधी. हा फोटो म्हणजे माझा मला दाखवायचा होता, डोळा आहे की गेला ते. देवदत्तकाकांना यातलं काय सांगणार.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, मी स्वयंपाकघरातली मोठी परात आणली, पाण्याने भरली, गॅलरीच्या कठड्यावर ठेवली, आणि कॅमेरा अगदी पाण्याला टेकवून लावला. परातीच्या पाण्यात दीपगृह उलटं उतरलं. कड दिसेनाशी केली की खरंच समुद्र. वर संध्याकाळ, खाली संध्याकाळ, मध्ये लाल-पांढरा खांब. शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, म्हणजे फिरणाऱ्या दिव्याचे झोत एकात एक मिसळून पंख्यासारखे पसरतात. तीस सेकंद ही माझ्याकडे असलेली नेमकी वेळ होती. शटर दाबायचं, आत पळायचं, राजसीच्या तोंडातून चपलेचा पट्टा काढायचा, परत यायचं. म्हणजे फोटो होत असताना मी तिथे नसायचेच. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मंगळवारच्या फोटोतही डाग होता. मी तो पुसला. विचारसुद्धा केला नाही. ब्रश घेतला, दोनदा फिरवला, बाजूचा काळपट रंग त्यावर पसरला, झालं. पाच वर्षं मी तेच केलंय. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये सनीशेठच्या गाळ्यावर पोटमाळा होता, तिथे मी जीन्सचे फोटो काढायची, ऑनलाइन विकायला. पांढरा कागद, दोन लाइट, लोंबकळणाऱ्या निळ्या पँटी. शिलाईचा धागा कुठेतरी सुटलेला असायचाच. सनीशेठ खालून जिना चढत यायचा, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचा, "साईं, ये धागा किसलिए? धागा दिखा तो माल वापस." मी धागा पुसायची. दिवसाला ऐंशी पँटी, प्रत्येकीचे दोन-तीन धागे. पोट पुढे आल्यावरसुद्धा नवव्या महिन्यापर्यंत पुसले. मग सिझेरियन झालं, आणि सातव्या दिवशी डॉक्टरांनी ड्रेसिंग काढल्यावर मी मान उचलून पाहिलं, तर टाक्याच्या एका टोकाला बारीकसा काळा धागा बाहेर आलेला होता. मला हसूच आलं. माझा नवरा अनीश म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, माल वापस. त्याला कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते, हे त्याला दिसलं, आणि त्याने नुसता माझा अंगठा धरून ठेवला.

स्वच्छ केलेला तो परातीचा फोटो मी बुधवारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली. कुणीतरी लिहिलं, गोव्याला आल्यासारखं वाटतंय. मला मात्र तो फोटो जीन्ससारखा दिसत होता. मग देवदत्तकाकांचा लांबलचक मेसेज आला: चौथरा किती सुंदर आहे हे या फोटोतच प्रथम कळले, एरवी कुणीतरी रोज तिथे काहीतरी माखून ठेवते, हाउसकीपिंगला सकाळी धुवावे लागते; तरी कमिटीने ठरवले आहे की चौथऱ्याभोवती ग्रिल बसवायचे; फॅब्रिकेटर रविवारी माप घ्यायला येईल; वृंदा, फायनल फोटो शनिवारपर्यंत दे, असाच स्वच्छ. मी ते दोनदा वाचलं. *रोज*, *माखून*. म्हणून गुरुवारी मी परात ठेवली नाही. कॅमेरा सरळ खाली रोखला आणि साडेसहापासून एकामागून एक तीस-तीस सेकंदांचे फोटो घेत गेले. त्यातला एक सहा बावन्नचा आणि एक सहा त्रेपन्नचा.

"भूत असेल," अनीश जेवताना म्हणाला. "बिल्डरचं. पार्किंग विकून खाल्लं म्हणून फिरत असेल."

"अरे, पण माणूस का नाही दिसत?"

"तू बघत होतीस ना?"

मी बघत नव्हते. मी आत राजसीच्या मुठीतून वरणाचा चमचा सोडवत होते. अनीशच्या लक्षात आलं असावं, तो म्हणाला, "बघ, तूच शोधून काढशील. तुझा डोळा आहे." आणि भाताची मूद मोडली. किती सहज म्हणाला. ज्याला आपण हरवलेलं समजतो ते दुसऱ्याला आपल्या अंगावर दिसत असतं का?

राजसी झोपल्यावर मी सहा त्रेपन्नचा फोटो पुन्हा उघडला, आणि या वेळी डागाकडे न पाहता डागाच्या वरच्या हवेकडे पाहिलं. तिथे लाल पट्टा जरासा मळका होता. काचेवर कुणी श्वास टाकावा आणि तो उडत आलेला असावा, तितकाच. फोटोग्राफीच्या कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मी विसरले होते: शटर बराच वेळ उघडं असलं की जे हलतं ते उरत नाही. गर्दीचा चौक तीस सेकंदांत रिकामा होतो. माणूस आला, पाच-सात सेकंद बसला, उठून गेला, तर त्याचा नुसता धूर उरतो, आणि त्याने ठेवलेली वस्तू मात्र ठसठशीत. म्हणजे कुणीतरी होतं. फोटोत माणूस नव्हतं असं नव्हे. माझ्या फोटोला ते दिसण्याइतकं ते थांबलं नव्हतं. मी त्या धुराचा आकार बोटाने गिरवला. खाली रुंद, वर निमुळता. बसलेली बाई. आणि मला उगाचच वाटलं की गेल्या चौदा महिन्यांत कुणी माझा असा फोटो काढला असता, दिवसभर शटर उघडं ठेवून, तर घरात काय दिसलं असतं? गाद्या, बाटल्या, वाळत घातलेली दुपटी, सगळं ठसठशीत, मधोमध राजसी झोपलेली, आणि तिच्याभोवती थोडा धूर.

शनिवारी साडेसहाला मी राजसीला बाबागाडीत घातलं, ट्रायपॉड काखेत मारला आणि खाली उतरले. संध्याकाळी बागेत मी उतरत नसे. ती तिची झोपायची वेळ, तिची चिडायची वेळ, तिला दृष्ट लागायची वेळ, काहीतरी असायचंच. खालून दीपगृह वेगळंच होतं. वरून पाहताना कधी कळलं नव्हतं, की फायबर चौथऱ्यावर संपतं आणि चौथरा मात्र खऱ्या काळ्या दगडाचा आहे, जुना, कडेने झिजलेला, एका जागी तर इतका घासून खोलगट झालेला की तिथे बोट बसावं. बोट बसलंही. मी खोबणीत बोट फिरवत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गो, तूच ना ती फोटूवाली?"

म्हातारी बाई. आखूड गुडघ्यापर्यंतचं लुगडं, पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात स्टीलचा चहाचा पेला. पेल्यात कालवलेली हळद होती. तिला मी ओळखत होते, म्हणजे येता-जाता गेटवर पाहिलं होतं: नौका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणारी विठाबाई; ही सगळी जमीन तिच्या सासऱ्यांची होती, त्या बदल्यात घरात चार फ्लॅट मिळाले, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

"हो, आजी."

"माजी बाव पुसलीस ती?"

"बाव?"

"बाव गो. तुमी विहीर म्हनता. नातवाने दाखवला ना मना फोनवर. बोलला, आजी बघ, कसा साफ दिसते. मी बोलले, साफ नाय रे, पुसलाय." तिने चपलेच्या टोकाने चौथऱ्याकडे दाखवलं. "ही काय. भरली नाय त्यांनी. माज्या सासऱ्याने बिल्डरला सांगितला, बाव बुजवशील तर सही नाय. मग त्याने काय केला, वर स्लॅब टाकला आन हा भोंगा उभा केला. गोल आयता मिळाला त्याला. तुमच्या बागेला पानी कुठून येते, वाटला तुला? टँकरचा?"

मी हात लावला तो विहिरीचा कठडा होता. माझं बोट ज्या खोबणीत होतं ती दोराची होती. किती वर्षांच्या दोराने दगड एवढा खाली जात असेल? मी बोट काढून घेतलं, मग परत ठेवलं.

विठाबाई तोवर खाली बसली होती. कमरेच्या पिशवीतून तिने सात खडे काढले, ओळीने मांडले. "साती आसरा," ती सहज म्हणाली, शेजारणींची ओळख करून द्यावी तशी. "पान्यातल्या बाया. दिवेलागनीला हलद लावायची यांना. मी लग्न होऊन आली तवापासून लावते. आन सव्वा महिना झाला की बालंतीन आनायची, बाव पुजायची, मग तिने पानी भरायचा. तवर नाय. माजी रिद्धी, नातसून, मंगलवारी पुजली तिने. पोरगा झालाय." मग तिने मान वर करून बाबागाडीत पाहिलं. "ही तुजी?"

"हो. राजसी."

"बाव पुजलीस काय हिची?"

मी नाही म्हटलं. आणि मला ती सकाळ आठवली. सव्वा महिना झाल्यावर आईचा फोन आला होता: विहीर कुठे असणार तुमच्याकडे, निदान नळाला हळदकुंकू लाव हो, एक फूल वाहा, आणि मग कळशी भर. मी हो हो म्हटलं. नळाशी गेले, चिमटीत हळद घेतली, आणि पांढऱ्या टाइल्सकडे पाहून परत डबीत टाकली. डाग पडला असता. हे मी विठाबाईला सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. मी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

ती इतकी मोठ्याने हसली की राजसी दचकली. "टाइल्ससाठी! आन मग पानी कसा भरलास?"

"तसंच भरलं."

"म्हनून," ती म्हणाली, आणि म्हणून काय ते मात्र बोलली नाही. "बस."

"आता? आजी, चौदा महिने झाले."

"बाव काय घड्याल लावून बसलेय? बस गो."

मी वर पाहिलं. आकाश त्या रंगाला आलं होतं, ज्याची मी चार दिवस वाट पाहत होते; ना निळं ना करडं, दहा मिनिटं टिकणारं. फोटो घ्यायचा तर आत्ता. मी ट्रायपॉड उभा केला, चौकट लावली, या वेळी वरचा दिवा आणि खालचा कठडा दोन्ही, समुद्र नाही हे अगदी स्पष्ट दिसेल अशी, डावीकडे पाण्याच्या टाक्या, उजवीकडे शिंपला बिल्डिंगच्या गॅलरीत वाळणारा टॉवेल. तीस सेकंद. शटर दाबलं, राजसीला उचललं, आणि पळाले. या वेळी घरात नाही, चौकटीत.

विठाबाईने माझा उजवा हात धरला, पेल्यातली हळद त्याला चोपडली, आणि तो कठड्यावर पालथा दाबला. दगड थंड होता. उन्हात तापलेल्या दिवसानंतर इतका थंड, की त्याच्या खाली काय आहे ते हातालाच कळलं. तिचा हात माझ्या मनगटावर, खरखरीत, जड. "काडू नको. थांब." राजसी माझ्या डाव्या कुशीत वळवळत होती, खड्यांकडे झेपावत होती, माझे केस ओढत होती, मी डोलत होते, तिला सावरत होते, आणि हात तेवढा जागेवर होता. "काय मागायचं, आजी?" मी विचारलं. "मागायचा कशाला? सांगायचा, मी आले. बस." तेवढ्यात सात वाजले, वर खटका पडला, आणि उजेड निघाला. राजसी म्हणाली, आ.

फोटो घरी येऊन पाहिला. आकाशात झोताची एकच रुंद फांदी, कारण दिवा शेवटच्या काही सेकंदांतच लागला होता. विठाबाई दगडासारखी बसली होती म्हणून जवळजवळ पूर्ण उमटली होती, लुगड्याच्या काठासकट. तिला सवय होती, कुठे किती थांबायचं याची. मी उमटले नव्हते. माझ्या जागी दोन-तीन विरलेल्या बायका होत्या, एकीतून दुसरी दिसणाऱ्या, आणि त्यांच्या आरपार दीपगृहाचा लाल पट्टा. राजसी म्हणजे त्यांच्या मध्ये लोंबणारा एक फिकट ढग. पण त्या सगळ्या पुसट बायकांचा मिळून एक हात होता, आणि तो कठड्यावर होता, पाच बोटं, नखं, अंगठीसुद्धा, पिवळाधमक, कोरून काढावा इतका स्पष्ट. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. सवयीने माऊसचा बाण पुसायच्या ब्रशवर गेला होता. मांडीवरची राजसी वाकली आणि तिने हळदीचं बोट स्क्रीनवर ठेवलं, बरोबर दिव्यावर. मी बाण मागे घेतला. फोटो पाठवून दिला.

काकांचं उत्तर लगेच आलं. "छान आहे. पण ब्लर झालाय का? आणि खाली डाग राहिलाय, तेवढा क्लीन करून पाठव."

मी लिहिलं, "काका, तो डाग नाही. तिथे विहीर आहे." मग वाटलं, एवढं पुरणार नाही, म्हणून खाली सगळं लिहिलं, स्लॅब, बागेचं पाणी, साती आसरा, मंगळवारी येऊन गेलेली रिद्धी, दोराची खोबण, आणि तो हात माझा आहे हेही. राजसी मांडीवर असल्यामुळे एका बोटाने लिहिलं. वीस मिनिटं लागली. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. रात्रभर नाही.

रविवारी सकाळी मी गॅलरीत दुपटी वाळत घालत होते. खाली फॅब्रिकेटर आला होता, टेप चौथऱ्याभोवती फिरवत होता, काका वहीत आकडे लिहून घेत होते. म्हणजे ग्रिल होणारच. मी चिमटा लावला, दुसरा लावला. फॅब्रिकेटर टेप गुंडाळत म्हणाला, "साब, पूरा बंद करना है, या गेट छोडना है?" काकांनी वही मिटून काखेत धरली. मग त्यांनी मान वर केली, उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरला आणि तिसऱ्या मजल्याकडे पाहून ओरडले, "वृंदा! ते बसायचं असतं ते नक्की कुठल्या बाजूला गं? गेट कुठे ठेवू?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. वरून चौथरा एक नुसती गोल चकती दिसत होता. कुठे खोबण, कुठे झीज, काही कळत नव्हतं.

"इथून नाही दिसत, काका," मी म्हटलं, आणि राजसीला कडेवर घेतलं. "थांबा, मी खाली येते."